घाईने उतरवलेले १३ किलो

२०२३ च्या फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांत माझे वजन ८४ किलोंवरून ७१ किलोंवर आले. कार्यालयात लोक थांबवून कौतुक करत, नातेवाईक फोनवरून उपाय विचारत, आणि आई तेवढी जेवणाच्या वेळी रोज म्हणे, "काहून रे बाबू, जेवून नाही राहिला?" त्या दोन महिन्यांत मी काय केले, त्यामुळे माझ्या पित्ताशयाचे काय झाले आणि पुढच्या दीड वर्षात यकृत, पित्त आणि आतडी यांच्याविषयी मला काय शिकावे लागले, ते नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. 'फॅटी लिव्हर' हे शब्द अहवालात वाचल्यावर घाबरून घाईने वजन उतरवायला निघालेले कितीतरी लोक आता मला आजूबाजूला दिसतात, म्हणून हे लिहिणे मला गरजेचे वाटते.

मी नागपुरातील एका वृत्तपत्रात बावीस वर्षांपासून मुद्रितशोधक आहे. पाळी सायंकाळी पाचची, सुटी रात्री एकला. दुपारी दोनला भरपेट जेवून घरून निघायचे, कार्यालयात सहा वेळा चहा, नऊच्या सुमारास कुणीतरी आणलेले समोसे किंवा तर्री-पोहे, आणि घरी पोहोचल्यावर सव्वा वाजता पुन्हा पूर्ण ताट. हात धुतले की लगेच अंथरूण. दारूला मी कधी स्पर्श केलेला नाही, तंबाखू खात नाही, त्यामुळे आपल्या यकृताला काही होण्याचे कारणच नाही अशी माझी पक्की समजूत होती. जानेवारी २०२३ मध्ये विम्याच्या नूतनीकरणासाठी तपासण्या झाल्या आणि त्यात पोटाची सोनोग्राफी होती. सोनोग्राफीला रात्रभर उपाशी राहून यायला सांगतात, कारण पोट रिकामे असते तेव्हाच पित्ताशय पित्ताने भरलेले असते आणि पडद्यावर स्पष्ट दिसते. ही गोष्ट तेव्हा मी केवळ एक सूचना म्हणून ऐकली. काही महिन्यांनी तीच गोष्ट माझ्या सगळ्या दुखण्याचे कारण म्हणून मला पुन्हा समजावून सांगितली जाणार होती.

अहवालात लिहिले होते की यकृत आकाराने थोडे वाढलेले असून फॅटी लिव्हर ग्रेड २ आहे. पित्ताशय मात्र सामान्य असून त्यात खडे नाहीत. रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर, ८२ होते, त्या प्रयोगशाळेची कमाल मर्यादा ४० होती. कमरेचा घेर १०२ सेंटिमीटर निघाला. भारतीय पुरुषांसाठी ९० च्या वरचा घेर धोक्याचा मानतात. धंतोलीतील ज्या पोटविकारतज्ज्ञ डॉक्टर मॅडमकडे मी गेलो, त्यांनी पहिल्याच भेटीत बरीच माहिती दिली. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. यासाठी दारू प्यावी लागत नाही, पोटावरची चरबी, साखर, बैठे काम आणि आनुवंशिकता एवढे पुरेसे असते. आणि यावरचे पहिले औषध वजन कमी करणे हेच आहे. शरीराच्या वजनाच्या पाच टक्के कमी झाले तरी यकृतातील चरबी घटू लागते, सात ते दहा टक्के कमी झाले तर सूजही उतरते. माझ्या बाबतीत हा हिशेब सहा ते आठ किलोंचा होता आणि त्यासाठी त्यांनी सहा महिने ते एक वर्ष एवढी मुदत सांगितली होती. चिठ्ठीच्या तळाशी त्यांनी 'हळूहळू' असे मराठीत लिहिले होते. दुसऱ्याच्या मजकुरातील एक मात्रा सुटली तरी ती मला दिसते, पण हा शब्द मी वाचून सोडून दिला.

सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी एकाने मला शरीर शुद्ध करण्याचा एक कार्यक्रम दिला. सकाळी संत्रे, बीट आणि गाजर यांचा मोठा पेलाभर रस, दुपारी एक वाटी उकडलेल्या भाज्या, सायंकाळी दुधीचे पातळ सूप, आणि दोन महिने तेल, तूप, डाळ, दाणे यांतले काहीही नाही. आमचे मूळ गाव काटोलकडे असल्याने मृग बहाराची संत्री त्या दिवसांत घरी पोत्याने येत होती आणि एका पेल्याला चार संत्री सहज लागत. वजन दर आठवड्याला दीड किलोहून अधिक उतरू लागले. पहिल्या पंधरवड्यानंतर भूकही फारशी लागेनाशी झाली, तेव्हा यकृत स्वच्छ होत आहे असेच मला वाटले.

मे महिन्यात गावाकडे भाचीचे लग्न होते. शुद्धीकरणाचा कार्यक्रम संपून महिना झाला होता, वजन पुन्हा ७५ पर्यंत चढले होते आणि पंगतीत मी रोडगे, वांग्याची भाजी आणि वरणावर तूप असे सगळे मनसोक्त जेवलो. रात्री दोनच्या सुमारास पोटाच्या वरच्या भागात उजवीकडे कळ सुरू झाली आणि ती पाठीतून उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेली. कूस बदलून, बसून, फेऱ्या घालून कशानेही ती कमी होत नव्हती. घरातल्या प्रत्येकाचे निदान एकच होते, "पित्त झालं." कुणी थंड दूध दिले, कुणी ओवा दिला, मी स्वतःजवळच्या आम्लपित्ताच्या दोन गोळ्या घेतल्या, आणि अशा रीतीने पहाटेपर्यंतचे चार तास आम्ही घालवले.

मराठीतील हा एकच शब्द किती घोटाळा करतो, हे त्या रात्रीनंतर मला कळले. छातीत जळजळ झाली की आपण पित्त म्हणतो, आंबट ढेकर आली की पित्त म्हणतो, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त उठले असेच म्हणतो. जळजळ होते ती जठरातल्या आम्लामुळे. ज्याला वैद्यकात पित्तरस म्हणतात तो यकृतात तयार होणारा हिरवट पिवळा द्रव पूर्णपणे वेगळा असून तो दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर तयार होतो आणि स्निग्ध पदार्थ पचवण्याच्या कामी येतो. पोटाच्या उजव्या कुशीत वर उठणारी, खांद्याकडे जाणारी, जड जेवणानंतर काही तासांनी येणारी आणि अर्ध्या तासाहून अधिक काळ टिकणारी कळ ही आम्लाची नसून पित्ताशयाची असू शकते, एवढे जर त्या घरात एकाला जरी माहीत असते, तरी मी रात्रीच नागपूरच्या वाटेला लागलो असतो. ताप आणि कावीळ नव्हती, हे माझे नशीब.

दुसऱ्या सोनोग्राफीत पित्ताशयात चार ते आठ मिलिमीटरचे अनेक खडे दिसले. जानेवारीत एकही नव्हता. डॉक्टर मॅडमनी माझ्या वजनाची नोंद पाहिली, आठ आठवडे आणि १३ किलो हा भागाकार माझ्यासमोर केला आणि कागदावर एक छोटी पिशवी काढून दाखवली. यकृतातून आलेले पित्त पित्ताशयात साठते आणि घट्ट होते. जेवणातील स्निग्धांश लहान आतड्यात पोहोचला की एक संप्रेरक सुटते, त्याच्या इशाऱ्याने पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्त बाहेर टाकते. मी दोन महिने तेलातुपाचा अंशही खाल्ला नाही, त्यामुळे तो इशारा पित्ताशयाला नीट मिळालाच नाही आणि पित्त तिथेच तुंबून राहिले. त्याच काळात शरीरातील चरबी वेगाने वितळत होती आणि तिच्यातले कोलेस्टेरॉल यकृत पित्तातूनच बाहेर टाकत होते. घट्ट, न हलणारे, कोलेस्टेरॉलने भरलेले पित्त. पाकात साखर जास्त झाली आणि तो हलवला नाही की त्याचे खडे धरतात, तसे ते धरले. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरले की ही जोखीम स्पष्टपणे वाढते. स्थूलतेवरच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना काही महिने खडे टाळण्याचे औषध याच कारणासाठी देतात. मी मात्र ती जोखीम कुणाला न विचारता घेतली होती.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर मी तीन आठवडे टाळाटाळ केली. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने मला त्याच्या मोबाइलमध्ये हिरव्या गुळगुळीत गोळ्यांचे छायाचित्र दाखवले. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस रात्री पिऊन सकाळी हे खडे पडतात, असे त्याचे म्हणणे होते, आणि खरे सांगायचे तर मी तेलाची बाटली विकत आणून ठेवली होती. मॅडमना विचारले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितले की ते हिरवे गोळे म्हणजे तेल आणि आतड्यातील रस यांच्यापासून बनलेला एक प्रकारचा साबण असतो, तो पित्ताशयातून आलेलाच नसतो; आणि एवढे तेल एकदम पोटात गेल्याने जर खरा खडा जागचा हलून पित्तनलिकेत अडकला, तर कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ज्यांचे खडे केवळ तपासणीत दिसतात आणि त्रास काहीच देत नाहीत, त्यांना बहुधा शस्त्रक्रियेची गरज नसते. माझी कळ येऊन गेलेली होती आणि ती पुन्हा येण्याची शक्यताच अधिक होती.

जुलैमध्ये दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. पोटावर चार लहान छिद्रे, दुसऱ्या दिवशी सायंकाळी घरी. दोन दिवस उजवा खांदा दुखत होता, पण ते पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूमुळे होते आणि आपोआप थांबले. सर्जननी काढलेले खडे एका छोट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत दिले. घरी आल्यावर मी ते वर्तमानपत्राच्या कागदावर ओतून मोजले. एकोणीस निघाले. रंग तुरीच्या डाळीसारखा, पण कडेला तपकिरी. गोल एकही नव्हता. एकमेकांना घासून प्रत्येकाला तीन-चार सपाट बाजू पडल्या होत्या, जणू कुणी त्यांना पैलू पाडले होते. एक खडा बाटलीतच फुटलेला होता आणि त्याच्या आतून मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या चमकदार रेषा दिसत होत्या. माझी मुलगी विज्ञान शाखेत शिकते. तिने भिंग आणून सांगितले, "बाबा, हे कोलेस्टेरॉलचे स्फटिक आहेत." दोन महिन्यांचे कौतुक त्या कागदावर पडले होते.

पित्ताशय काढले की त्रास संपला, असे मी गृहीत धरले होते. तसे झाले नाही, आणि आतड्यांचा धडा तिथून सुरू झाला. साठवणाची पिशवी नसल्याने पित्त आता थेंबाथेंबाने सतत आतड्यात उतरत होते. एरवी पित्तातील आम्लांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन परत यकृतात जातात आणि पुन्हा वापरली जातात. शस्त्रक्रियेनंतर काही लोकांमध्ये हा मेळ बिघडतो, जास्तीची आम्ले मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथे पाणी ओढून घेतात आणि पातळ शौचाला होते. मला जवळपास दोन महिने दिवसातून चार-पाच वेळा जावे लागत होते. सकाळचा चहा घेतला की दहा मिनिटांत धाव. कार्यालयात जायची भीती वाटू लागली होती, आणि हे कुणाजवळ बोलावे असेही वाटत नव्हते.

औषधाआधी मॅडमनी आहार बदलून पाहायला सांगितले. जेवण लहान करून दिवसात चार वेळा विभागणे, एका वेळी फार स्निग्ध न खाणे, आणि विरघळणारा तंतू वाढवणे, कारण तो पित्ताम्लांना आणि पाण्याला धरून ठेवतो. रात्री पेलाभर पाण्यातून एक चमचा इसबगोल, सकाळी केळे, दुपारी मुगाची किंवा बरबटीची उसळ. इसबगोल आपण बद्धकोष्ठासाठी ओळखतो. तेच पातळ शौच बांधून आणते, यावर माझा आठवडाभर विश्वास बसला नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत मी दोन वेळांवर आलो होतो. मात्र तंतू वाढवण्यातही पहिल्यांदा मी घाईच केली. उत्साहाने सकाळ-संध्याकाळ उसळ आणि भरपूर कोशिंबीर सुरू केली तेव्हा पोट ढोलासारखे फुगले आणि रात्रभर वायूने झोप आली नाही. आतड्यातील जिवाणूंना नवे खाद्य पचवायला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. तंतूपासून ते जी आम्ले तयार करतात त्यांतल्या एकावर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसल्या जातात. आतड्यातून निघालेले रक्त थेट यकृतात जाते आणि यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश याच वाटेने येते, म्हणून आतड्यात जे घडते त्याचा पहिला परिणाम यकृतालाच सोसावा लागतो.

दरम्यान वजन परत वाढत होते. दिवाळीनंतर ते ७९ झाले. डिसेंबरमध्ये फायब्रोस्कॅन नावाची तपासणी केली. बरगड्यांमधून सोडलेल्या कंपनांवरून यकृत किती कडक झाले आहे आणि त्यात किती चरबी आहे ते तिच्यात कळते. काठिण्य ६.८ किलोपास्कल आले, म्हणजे व्रण पडायला सुरुवात झाल्याची चिन्हे नव्हती. चरबीचा आकडा मात्र ३१२ होता आणि तो बराच जास्त होता. त्याच भेटीत मला कळले की या आजाराचे नावच त्या वर्षी जूनमध्ये बदलले गेले आहे. जुन्या नावात 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी' असे शब्द होते. दारूचा उल्लेख आणि 'फॅटी' हे विशेषण रुग्णाला कमीपणा आणतात म्हणून ते वगळून आता त्याला चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेला आजार म्हणतात. शब्दांवर जगणारा माणूस म्हणून मला हा बदल फार योग्य वाटला, कारण माझ्या अहवालानंतर दोन नातेवाइकांनी माझ्या पत्नीला बाजूला घेऊन "खरंच घेत नाहीत ना?" असे विचारले होते. केंद्र सरकारने हा आजार २०२१ मध्येच असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला होता. ती बातमी माझ्याच टेबलावरून गेली होती आणि तिच्यातील ऱ्हस्व-दीर्घ तपासून मी ती पुढे सरकवली होती.

यावेळी मी डायरी केली आणि त्यात आधी फक्त मोजले, काहीही बदलले नाही. चहा सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला सुमारे ६० ग्रॅम, फराळ आणि मिठाई वेगळी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास चांगले असे सांगते. साखरेतील अर्धा भाग फ्रुक्टोज असते, त्याचा बहुतांश निचरा यकृतालाच करावा लागतो आणि जास्तीचे फ्रुक्टोज तिथेच चरबीत रूपांतरित होते. माझा तो 'शुद्धीकरणाचा' संत्र्याचा रसही याच वाटेने जात होता. दर पंधरवड्याला मी प्रत्येक कपातली अर्धा चमचा साखर कमी केली. दोन महिन्यांत चहा तीन कपांवर आणि बिनसाखरेचा झाला, रात्री नऊला त्याऐवजी एक कप काळी कॉफी. कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृताचे आजार कमी आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. संत्री मी आजही खातो, दिवसाला एक किंवा दोन, पण फोडी सोलून, चोथ्यासकट.

तेलाचे मोजमाप पत्नीने हाती घेतले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींप्रमाणे माणशी दिवसाला साधारण २५ ग्रॅम धरले तर आम्हा चौघांना महिन्याला तीन किलो, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास तेल पुरायला हवे. आमच्याकडे पाच लिटरचा डबा महिना संपण्याआधी संपत होता. तिने डब्यातून एक तारखेला सव्वातीन लिटर तेल काचेच्या बरण्यांत काढले, प्रत्येक बरणीवर कागदी पट्टी चिकटवून आठवड्यांच्या खुणा केल्या आणि उरलेला डबा आईच्या कपाटात ठेवला. पहिल्या महिन्यात २३ तारखेलाच शेवटच्या बरणीचा तळ दिसला. तिसऱ्या महिन्यात तेल ३० तारखेपर्यंत पुरले. आमच्याकडच्या स्वयंपाकात रस्सा म्हणजे वर तवंग असायलाच हवा, अशी सगळ्यांची जीभ घडलेली आहे, आणि सावजीचे जेवण तर त्याशिवाय पूर्णच होत नाही. ते मी सोडलेले नाही. वर्षातून चार-पाच वेळा जातो, सोबत भाकरी घेतो, आणि तवंग चमच्याने बाजूला काढतो. पण तेल पूर्ण बंद करण्याची चूक पुन्हा केली नाही. पत्नीला आणि मुलीला पित्ताशय आहे, ते रोज रिकामे व्हायला जेवणात थोडे तरी स्निग्ध हवे, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

सर्वात मोठा फरक मात्र डब्याच्या वेळेने पडला, असे माझे मत आहे. मी रात्री सव्वा वाजताचे ताट बंद केले आणि साडेसातला कार्यालयातच जेवू लागलो. तीन कप्प्यांच्या स्टीलच्या डब्यात ज्वारीच्या दोन भाकरी, एक पालेभाजी किंवा उसळ, आणि तिसऱ्या कप्प्यात काकडी किंवा मुळा आणि जवसाची चटणी. हिवाळ्यात तुरीचे सोले, उन्हाळ्यात अंबाडी आणि चिवळ, आणि सगळ्यावर बारीक चिरलेला सांबार, ज्याला पुण्या-मुंबईकडे कोथिंबीर म्हणतात. आठच्या सुमारास पाने येऊ लागतात, त्याआधीची ही पंचवीस मिनिटे सुरुवातीला मिळवणे कठीण गेले. वृत्तसंपादकांशी बोलून ती मी मागून घेतली. घरी गेल्यावर भूक लागली तर ताक, नाहीतर काही नाही.

नेमाने चालणे मी शस्त्रक्रियेनंतर अंबाझरी तलावाच्या बाजूला सुरू केले होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडून शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले, त्यानंतर कित्येक आठवडे मी तिकडे गेलो नाही आणि मग फुटाळ्याचा रस्ता धरला. मॅडमनी आठवड्याला १५० मिनिटे सांगितली होती. हिवाळ्यात ती सहज होतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या जवळ गेला की सूर्योदयाआधीच चालावे लागते, आणि रात्री दोनला झोपणाऱ्या माणसाला पाचला उठणे परवडत नाही. त्या दोन महिन्यांत मी जेवणानंतर कार्यालयाच्या व्हरांड्यात पंधरा मिनिटे आणि दुपारी घराच्या जिन्यावर दहा मिनिटे चाललो, शिवाय खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणे-बसणे, दिवसातून तीनदा. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातील साखर ओढून घेतात, यकृताकडे चरबी करायला तेवढी कमी उरते. वजन न उतरताही व्यायामाने यकृतातील चरबी घटते, हे ऐकल्यावर काट्याकडे रोज पाहणे मी थांबवले.

काढ्यांविषयी एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण ती प्रत्येक घरात घडते. यकृतासाठी म्हणून मला गुळवेलीचा काढा, भुईआवळ्याची भुकटी आणि एका बाटलीतले बिनलेबलचे औषध अशा तीन गोष्टी मिळाल्या, तिन्ही मायेने दिलेल्या. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नव्हता. या वादात निवाडा करण्याइतके माझे ज्ञान नाही. पण पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट शेवटी यकृतालाच निवडावी लागते, आणि ज्याचे यकृत आधीच थकलेले आहे त्याने घटक माहीत नसलेले काहीही डॉक्टरांना न दाखवता घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते. ती बाटली मी मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी ती घेऊ नका म्हटले आणि त्याऐवजी हिपॅटायटिस बी ची लस सुरू केली: पहिली मात्रा, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी.

२०२४ च्या पूर्ण वर्षात माझे वजन सहा किलोंनी कमी झाले, म्हणजे महिन्याला अर्धा किलो. गणपतीत आणि दिवाळीत ते वाढले आणि पुन्हा उतरले. एकाही माणसाने मला थांबवून विचारले नाही. जानेवारी २०२५ मध्ये वजन ७३, कमर ९१ सेंटिमीटर, एसजीपीटी ३१; फायब्रोस्कॅनमध्ये काठिण्य ५.१ आणि चरबीचा आकडा २४४. सोनोग्राफीच्या अहवालात यकृत सामान्य असे लिहिले होते आणि त्याखाली ओळ होती, 'पित्ताशय दिसत नाही, शस्त्रक्रियेने काढलेले.' ती ओळ मी दोनदा वाचली. ती टाळता आली असती.

झोपेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मॅडमच्या मते रात्रपाळी हीच माझ्या चयापचयातील सर्वात जुनी अडचण आहे आणि ती भाकरीने किंवा चालण्याने पूर्ण भरून निघणार नाही. मार्चपासून मला महिन्यातले दोन आठवडे पुरवण्यांचे काम दिवसपाळीत मिळते. त्या आठवड्यांत मी साडेसातला घरी, आईच्या शेजारी बसून जेवतो.